रात्री कोंबड्या ओरडल्या तर दार उघडू नका



बिबट्यावर बोलायला आपल्या बेट भागात कुणाला आग्रह करावा लागत नाही. कवठे येमाई, सविंदणे, टाकळी हाजी, जांबूत, पिंपरखेड, कुठल्याही पारावर बसा, दुसरं वाक्य बिबट्याचंच निघतं. आज मात्र मला खुराड्यावर बोलायचंय. होय, कोंबड्यांच्या खुराड्यावर. हसू येईल काहींना, येऊ द्या.

मला एवढंच म्हणायचंय की मोडकं खुराडं हा आता फक्त कोंबड्यांचा प्रश्न राहिलेला नाही. तो रात्री दोन वाजता घराबाहेर कोण जातं याचा प्रश्न आहे.

बघा, होतं काय. वस्तीवरचं घर. मागच्या बाजूला दहा-पंधरा पावलांवर ऊस. घराच्या आणि उसाच्या मध्ये खुराडं. दोन पत्रे, चार फळ्या, एक पोतं आणि दाराला टेकवलेला दगड. रात्री कोंबड्यांचा एकदम कालवा होतो. घरातलं कोण उठतं? नव्वद टक्के घरांत बाई उठते. कारण कोंबड्या तिच्या असतात. म्हैस घराची, ऊस घराचा, पण कोंबड्या आणि त्यांची अंडी बाईची. ती मोबाईलची बॅटरी लावते, पायात काही घालायचं भान नसतं, जाते, वाकते, दगड सरकवते आणि अंधारात हात आत घालते.

आता मोजा. मागं ऊस आहे. बाई वाकलेली आहे, म्हणजे लांबून तिचा आकार लहान दिसतोय. आत नाग असेल तर तिचा हात त्याच्या तोंडापासून वीतभर आहे. बाहेर कोण आहे ते तिला माहीत नाही, आत कोण आहे तेही माहीत नाही. आणि हे सगळं कशासाठी, तर चारशे-पाचशे रुपयांच्या कोंबडीसाठी.

ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये पिंपरखेड-जांबूत पट्ट्यात तीन आठवड्यांत तीन माणसं गेली. त्यांत दोन लहान लेकरं. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखला, वनखात्यावरचा राग रस्त्यावर आला, शेवटी शूटर आणून एक बिबट्या मारला गेला. पुढं पिंपरखेडची माणसं गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाताना साऱ्या देशानं टीव्हीवर पाहिली. त्या घटना कोंबड्यांमुळं घडल्या असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं खोटं आणि निर्दयपणाचं होईल. पण त्यानंतर आपण लेकरांना एकटं सोडत नाही, गुरं आत बांधतो, शेतावर दोघं-तिघं मिळून जातो. आणि खुराडं तसंच, दगड टेकवलेलं.

वनखातं बिबट्याला पकडायला पिंजरा लावतं तेव्हा आत काय ठेवतं? शेळी, नाहीतर कोंबडी. आमिष म्हणून. तेच आमिष आपण रोज रात्री आपल्या मागच्या दाराला उघड्यावर ठेवतो, आणि वर त्याच्याजवळ कुत्रं मोकळं सोडतो. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उसातल्या बिबट्यांच्या खाण्याचा अभ्यास केला होता. वजनाच्या हिशोबानं बिबट्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा गावठी कुत्र्यांचा निघाला, जवळपास ३९ टक्के. म्हणजे कोंबडीसाठी बिबट्या आला नाही, तरी कोंबडीच्या वासानं जमलेल्या कुत्र्यांसाठी येतो.

काही जण म्हणतील, बिबट्यानं माणसं नेली आणि तुम्ही कोंबड्या काय घेऊन बसलात. दिवसा वीज मिळावी, पिंजरे वाढावेत, माणिकडोहला जागा वाढावी, या मागण्या आहेत त्या आहेतच, एक पाऊलही मागं यायचं नाही. पण त्यांतली एकही मागणी आज संध्याकाळपर्यंत पूर्ण होणार नाही. खुराड्याचं दार आज संध्याकाळपर्यंत होऊ शकतं.

आणि खरं सांगायचं तर खुराडं फोडणारा बहुतेक वेळा बिबट्या नसतोच. मुंगूस असतं, भटकं कुत्रं असतं, बोका असतो, रानमांजर असतं, घूस असते, साप असतो. कोंबड्यांचा आवाज मात्र सगळ्यांना सारखाच येतो, त्यामुळं घरातली माणसं बिबट्या समजून घाबरतात किंवा मुंगूस समजून बिनधास्त बाहेर जातात. दुसरं जास्त वाईट.

कोण येऊन गेलं हे सकाळी उजेडात ओळखता येतं, रात्री जायची गरज नाही. मानेला चावा, दोन-चार कोंबड्या मारून तिथंच टाकलेल्या, अंडं एका टोकाला फोडून आतलं चाटलेलं, तर मुंगूस धरा. अंडी गायब आणि टरफलाचा तुकडाही नाही, तर साप. नाग अंडं अख्खं गिळतो. भिंतीखालून माती उकरलेली, बीळ पडलेलं, लहान पिल्लं कमी झालेली, तर घूस. जाळी ओढून फाडलेली, पिसं अंगणभर, पाच-सहा मेलेल्या आणि एकही नेलेली नाही, हे कुत्र्यांचं काम. रोज एक-एक पिल्लू कमी होतंय आणि आवाजही होत नाही, तर शेजारचा बोका, ज्याला आपणच दूध घालतो. फळी मोडून अख्खी कोंबडी उचलून नेलीय आणि जवळच्या मऊ मातीत मोठे ठसे आहेत, तर ठसा झाकून ठेवा, फोटो काढा आणि वनखात्याला कळवा. घार आणि कावळा दिवसाचे गिऱ्हाईक, त्यांचं आपल्याला माहीत आहेच.

सगळ्यात जास्त नुकसान कुठं होतं? अंड्यावर बसलेल्या कोंबडीचं. खुडूक कोंबडी एकवीस दिवस जागा सोडत नाही. दिवसातून एकदा, फार तर दोनदा उठते, पंधरा-वीस मिनिटांत दाणा-पाणी उरकून परत येते. एरवी चलाख असलेली कोंबडी अंड्यावर बसली की वैरी समोर आला तरी उडत नाही, पिसं फुगवून तिथंच बसते. त्यात आपल्या गावरान कोंबड्यांची खोड अशी की जागा स्वतः शोधायची. कधी गव्हाणीत, कधी कडब्याच्या गंजीत, कधी बांधावरच्या झुडपात, कधी थेट उसाच्या पहिल्या सरीत. घरातली म्हातारी चार दिवस म्हणत राहते की पिवळी दिसंना झालीय. पाचव्या दिवशी पिसं सापडतात.

बारा अंडी ठेवली, दहा फुटली, महिन्यानं तीन पिल्लं उरली. हा हिशोब कुठल्याही वस्तीवर विचारा, थोड्याफार फरकानं हाच ऐकायला मिळेल. आणि आपण त्याला नुकसान मानत नाही. 'कोंबड्यांचं असंच असतं' म्हणतो. सात शेळ्या मेल्या असत्या तर पंचनामा झाला असता, पेपरात बातमी आली असती. सात पिल्लं गेली तर सकाळचा चहा होईपर्यंत विषय संपतो. बाईचा मात्र संपत नाही. बचत गटाचा हप्ता, पोराची वही, माहेरला जायचं एसटीचं भाडं, दवाखान्यात जाताना कुणापुढं हात पसरायला नको म्हणून ठेवलेले पैसे, हे त्या सातांतून निघायचं होतं.

सरकारी वाटपात येणाऱ्या गिरिराज, वनराज या जाती वजनाला चांगल्या, अंडीही गावरानपेक्षा जास्त देतात. पण त्या सहसा खुडूक होत नाहीत. म्हणजे घरच्या घरी पिल्लं काढायची तर भिस्त गावरान कोंबडीवरच. मशीन घ्यायचं म्हटलं तर आपल्याकडं वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि फार वेळ गेली की अंडी खराब होऊ शकतात. गावरान कोंबडीला वीज लागत नाही, तिला फक्त एकवीस रात्री कुणी खाल्लं नाही पाहिजे.

आता पैशांचं. खुडूक कोंबडीला एकटीला बसवायला दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच पेटी पुरते. चार बाजू आणि तळ धरून साधारण १४ चौरस फूट जाळी लागते. जाळी घेताना एकच गोष्ट पक्की धरा, अर्ध्या इंचाची चौकोनी वेल्डिंगची जाळी. ती षटकोनी, हातानं वाकणारी कोंबडीजाळी नको. ती कोंबडी आत ठेवायला बरी आहे, कुत्रं बाहेर ठेवायला नाही. कुत्रं ती दातानं ओढून फाडतं, मुंगूस तिच्या सैल कोपऱ्यातून शिरतं. अर्ध्या इंचातून ना मुंगूस जातं ना घूस. सापाचं म्हणाल तर अंडं गिळण्याइतका जाड साप अर्ध्या इंचातून आत येत नाही. चौरस फुटाला ३०-४० रुपये धरले तरी जाळीचा खर्च पाचशेच्या आसपास. वर घरात पडलेला पत्र्याचा तुकडा. एका गावरान कोंबडीची किंमत, बस.

तेही जमत नसेल तर टोमॅटोचे क्रेट घ्या. नारायणगावला माल नेणाऱ्या प्रत्येकाच्या घरी दोन-चार तुटके क्रेट पडलेले असतात. एक सरळ, त्यावर दुसरा उलटा, कडा तारेनं चार ठिकाणी बांधायच्या. एका बाजूला हात जाईल एवढं कापून त्यालाच दार करायचं. क्रेटच्या भोकांतून उंदीर आणि बारीक साप जाऊ शकतो, म्हणून आतून किंवा बाहेरून जाळीची एक फेर घ्यावीच लागते. पण सांगाडा फुकट झाला. तळाला तीन बोटं भुसा किंवा कोरडं पाचट, त्यात मूठभर कडुलिंबाचा पाला. बसलेल्या कोंबडीला पिसवा लागल्या तर ती वैतागून उठते, आणि उठली की अंडी गार.

पेटी जमिनीवर ठेवू नका. चार विटांवर, नाहीतर जुन्या स्टुलावर दीड-दोन फूट उंच. पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले तर मुंग्या चढत नाहीत. मुंग्यांकडं कुणाचं लक्ष नसतं, पण अंडं फुटताना पिल्लू अर्धं बाहेर असतं तेव्हा तांबड्या मुंग्या त्याला तिथंच संपवतात, आणि सकाळी आपण म्हणतो पिल्लू कमजोर होतं.

कडी साधी नको. कुत्रं नाकानं उचकटतं. कडी-कोयंडा लावा आणि कोयंड्यात एक खिळा आडवा अडकवा, दोरीला बांधलेला, म्हणजे हरवत नाही. मला विचाराल तर सगळ्या खुराड्यात हा दहा-वीस रुपयांचा खिळा-कोयंडा सगळ्यात महत्त्वाचा. जाळी कितीही महागाची आणा, दाराला दगड टेकवला की संपलं.

मोठं खुराडं, म्हणजे सगळ्या कोंबड्यांचं, नव्यानं बांधायची ऐपत नसेल तर आहे त्यालाच दुरुस्त करा. खालून उकरून येणाऱ्यांसाठी तळाला फरशीचे तुकडे. फरशी नसेल तर बाहेरच्या बाजूनं फूटभर रुंद जाळी जमिनीवर आडवी पसरून तिच्यावर दगड रचायचे. घूस आणि कुत्रं भिंतीच्या कडेलाच उकरतात, फूटभर लांबून सुरुवात करायचं त्यांना सुचत नाही. सांडलेला दाणा संध्याकाळी झाडून घ्यायचा. दाण्याला उंदीर येतात, उंदरांना साप. साप आला की कोंबडीचं अंडं त्याला फुकटात सापडतं.

जागा. यावर दोन मतं आहेत. काही जण म्हणतात खुराडं घरापासून लांब हवं, म्हणजे बिबट्या घराकडं येणार नाही. मला हे पटत नाही. लांब ठेवलं की कालवा झाल्यावर लांब जावं लागतं, आणि ते 'लांब' म्हणजे आपल्याकडं उसाच्या जवळ. माझं मत, खुराडं घराच्या भिंतीला लागून, खिडकीतून बॅटरी मारली तर दिसेल असं, उसाकडं पाठ करून, आणि पक्कं. पक्कं नसेल तर मात्र भिंतीला लावू नका, आधी पक्कं करा. एकदा येऊन हाताला काही लागलं नाही की जनावर पुन्हा-पुन्हा तिथं वेळ घालवत नाही. सापडत राहिलं तर रोज येतं.

म्हणीत कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटतं. आपल्याकडं कोंबडी झाकायचीच राहून जाते. दिवेलागणीच्या आधी, अंधार पडायच्या आधी, मोजून आत आणि खिळा बंद. एखादी आली नाही तर? तर नाही आली. उसाच्या कडेनं 'ती ती ती' करत अंधारात फिरायचं नाही. हे ऐकायला कठोर वाटतं, ज्या बाईनं ती पिल्लापासून वाढवलीय तिला तर जास्तच. पण या बाबतीत दुसरा सल्ला देण्याची माझी तयारी नाही.

तेच रात्रीचं. कालवा झाला तर खिडकीतून बॅटरी मारा, आतून पत्रा किंवा ताट वाजवा, शेजारच्या वस्तीला फोन लावा. दार उघडायचं नाही. सकाळी उजाडल्यावर दोघांनी जायचं, आधी काठीनं दार उघडायचं, लांबून आत बघायचं, मग हात. आत साप असेल तर सर्पमित्राला बोलवा, काठीनं मारायला जाऊ नका. अर्धवट मारलेला नाग हा धडधाकट नागापेक्षा वाईट.

ऊसतोडीच्या दिवसांत हे सगळं दुप्पट पाळा. कारखाने सुरू झाले की आठवड्यात दहा-दहा एकराचं रान मोकळं होतं. त्यात राहणारं सगळं, बिबट्याची मादी पिल्लांसकट, रानमांजर, कोल्हा, मुंगूस, राहिलेल्या उसाकडं आणि वस्त्यांकडं सरकतं. ज्या आठवड्यात शेजारचा फड तुटतो त्या आठवड्यात खुडूक कोंबडी नव्यानं बसवू नये, आठ दिवस थांबावं, असं मी तरी सांगेन.

तीन गोष्टी अजिबात करू नका, कितीही राग आला तरी. खुराड्याच्या जाळीला करंट सोडू नका. आपलंच पोर चिकटेल, आणि माणूस मेला तर गुन्हा आपल्यावर. अंड्यात औषध भरून ठेवू नका. मुंगसासाठी ठेवलेलं अंडं शेजाऱ्याचं कुत्रं खातं, मोर खातो, आणि मेलेलं कुत्रं उसात ओढलं गेलं तर पुढं काय होतं ते सांगायला नको. फासे लावू नका. मुंगूस, साप, रानमांजर, सगळे वन्यजीव संरक्षण कायद्यात आहेत. आणि खरं तर शेतातले उंदीर तेच खातात. त्यांना आपल्या दारातून रिकाम्या हाती परत पाठवायचं, इतकंच.

आणखी एक, जे बोललं की वाईटपणा येतो. आपल्या भागात ब्रॉयलरच्या शेडी भरपूर झाल्यात. चांगला जोडधंदा आहे, माझा विरोध नाही. पण मेलेल्या कोंबड्या पोत्यात भरून चारीत, ओढ्यात, उसाच्या बांधावर टाकायच्या, हे बंद झालं पाहिजे. पोतं टाकलं की त्या रात्रीपासून कुत्री, त्यांच्यामागं बिबट्या, आणि शेजारच्या वस्तीवरच्या बाईचं खुराडं त्याच वाटेवर. खड्डा घ्या, चुना टाका, माती लोटा. ग्रामपंचायतीनं याबाबत ठराव करून दंड लावावा. कोण टाकतं हे गावाला माहीत असतं.

आता योजनांकडं. पशुसंवर्धन विभागाची एकात्मिक कुक्कुट विकास योजना आहे. त्यात २५ माद्या आणि ३ नरांचा तलंगा गट किंवा एक दिवसाची १०० पिल्लं ५० टक्के अनुदानावर मिळतात. चांगली योजना. पण तिचं सगळं बोलणं पक्ष्यांच्या आकड्यांत. किती वाटले ते कागदावर असतं. तीन महिन्यांनी किती जिवंत होते हे गावात कुणी विचारायला आल्याचं मी ऐकलेलं नाही. राष्ट्रीय पशुधन अभियानात तर किमान १००० पक्ष्यांचा प्रकल्प, अनुदान २५ लाखांपर्यंत. दहा कोंबड्यांवाल्या बाईला त्याचा काय उपयोग?

३ फेब्रुवारी २०२१ च्या शासन निर्णयानं शरद पवार ग्रामसमृद्धी योजना आली. त्यात रोजगार हमीतून १०० पक्ष्यांची शेड बांधायला पन्नास हजारांच्या आसपास रक्कम धरलेली होती. खाली फूटभर उंच विटांची भिंत आणि वर छतापर्यंत कुक्कुट जाळी, असा नमुना. पन्नास हजारांच्या सरकारी नमुन्यात तीच जाळी, जी कुत्रं ओढून फाडतं. नमुना काढणाऱ्यानं कोंबड्यांना हवा कशी लागेल याचा विचार केला, ते बरोबरच. पण ही शेड अकोल्याच्या माळावर आणि पिंपरखेडच्या उसात सारखीच चालेल, असं धरलं. बिबट्याच्या चार तालुक्यांसाठी, जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, जाळी वेगळी आणि दार वेगळं का नको?

पण ते मुंबईत ठरायचं. आपल्या हातातलं बोलू. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के निधी महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. बऱ्याच गावांत त्यातून काय येतं हे तुम्ही पाहिलंय, मी लिहीत नाही. त्यातून एका वर्षी जाळीच्या गुंडाळ्या घ्या. एकगठ्ठा घेतल्या तर भाव उतरतो. गावातल्याच वेल्डिंगवाल्याकडून एकाच मापाच्या पेट्या आणि दारं करून घ्या, म्हणजे पैसा गावात राहतो आणि मोडली तर दुरुस्ती दारात. उसाला लागून असलेल्या वस्त्या आधी. त्यातही ज्या घरात बाई एकटी आहे किंवा म्हातारी माणसं आहेत ते घर सगळ्यात आधी. शंभर घरांना पाचशे-सहाशेची पेटी म्हणजे पन्नास-साठ हजार. आपल्या गावाला हा खर्च जड नाही. एक स्वागत कमान यापेक्षा महाग पडते.

उमेदच्या गटांमधून पशुसखी काम करतात. लसीकरण, जंताचं औषध त्या बघतातच. त्यांनाच एक वही द्या. कुठल्या वस्तीवर किती अंडी बसवली, किती फुटली, महिन्यानं किती पिल्लं राहिली, गेली ती कशानं गेली. वर्षभराची अशी वही असेल तर पुढच्या वेळी पंचायत समितीत 'कोंबड्यांचं असंच असतं' म्हणायची कुणाची हिंमत होणार नाही. आणि कुठल्या बाजूच्या उसातून जनावर येतं हे वनखात्यालाही त्याच वहीतून कळेल.

पुढच्या ग्रामसभेत हा विषय लेखी द्यायचाय. अर्जावर बायकांच्या सह्या पाहिजेत, कारण पुरुषांनी मांडला की पहिल्या मिनिटाला कुणीतरी कोंबडीच्या रश्श्याचा विनोद करतो आणि विषय तिथंच संपतो. शिरूर, मंचर, मलठण, जिथं अर्धा इंची जाळी स्वस्त मिळत असेल तिथला चौरस फुटाचा भाव कळवा. ज्यांच्याकडं तुटके क्रेट पडून आहेत त्यांनी भंगारात घालू नका, पुढच्या आठवड्यात एका वस्तीवर तीन पेट्या करून बघणार आहोत.